बंड्याचं नाक आणि सदाफुली

काही हजार वर्षांपूर्वी आशियात कुठेतरी एक कुत्रा होता. त्याला एक गाठ झाली. कुत्रा यथाकाल मेला, पण त्याआधीच गाठीतल्या काही पेशी दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर जाऊन रुजल्या होत्या. तिथून तिसऱ्या, तिथून चौथ्या, डोंगर ओलांडत, बंदरं ओलांडत, सुमारे पाचशे वर्षांपूर्वी जहाजांतून थेट अमेरिकेपर्यंत. आणि आमच्या लालबागच्या मासळीबाजारामागच्या गल्लीतल्या बंड्याच्या नाकात जी गाठ होती, ती त्या पहिल्या कुत्र्याचीच होती! हा रोग कुठल्या विषाणूने होत नाही. खुद्द कर्करोगाची पेशीच एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर जाते आणि तिथे संसार थाटते. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत ती साठीच्या आसपास असतात, म्हणजे बंड्याच्या नाकात बंड्या नसलेलं काहीतरी जगत होतं. केंब्रिजच्या संशोधकांच्या पुढाकाराने जगभरातल्या पाचशेहून अधिक गाठींची जनुकं तपासली गेली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हा मूळचा कुत्रा चार हजार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा.

हे मला कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. घरातल्या प्रत्येकाला उठवून सांगावंसं वाटत होतं.

दवाखान्याच्या भाषेत या रोगाला टीव्हीटी म्हणतात, ट्रान्समिसिबल व्हेनेरिअल ट्यूमर. बहुतेकदा तो समागमातून पसरतो, पण हुंगण्या-चाटण्यातूनही पसरतो, आणि मग गाठ नाकात किंवा तोंडात येते. नाका-तोंडातली ही गाठ नरांमध्ये जास्त दिसते, बहुधा हुंगण्याची हौस त्यांना जास्त म्हणून. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत हा रोग इतका सर्रास आहे की प्राण्यांच्या डॉक्टरांना त्याचं काही वाटत नाही. मला मात्र सगळंच नवं होतं. बंड्याच्या एका नाकपुडीतून रक्त ठिबकायचं, तो शिंकला की भिंतीवर लाल शिंतोडे उडायचे, डोळ्याखालचा भाग फुगला होता. येणारे-जाणारे म्हणायचे, कुणीतरी दगड मारला असेल, आता हा काही जगत नाही. आमच्या भागातल्या कुत्र्यांना रोज रात्री खायला घालणाऱ्या एक ताई आहेत. सगळा लालबाग त्यांना ताईच म्हणतो. त्यांनी बंड्याला तोंडाला पट्टी बांधून टॅक्सीत घातला आणि मी सोबत हवी म्हणून मला हाताला धरून बसवलं.

डॉक्टरांनी नाकातला स्राव काचपट्टीवर घेतला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि म्हणाले, "या, बघा." मी वाकून पाहिलं. गोल गोल पेशी, जांभळ्या, आणि प्रत्येकीत रांगेने बसलेले रिकामे पारदर्शक ठिपके. "एवढी स्वच्छ स्लाइड क्वचित मिळते," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता, आणि तो मला त्या क्षणी विचित्र वाटला. तो कशाचा होता ते पुढच्या वाक्यात कळलं. "ताई, हा कॅन्सर बरा होतो."

बरा होतो! दर आठवड्याला शिरेतून एक इंजेक्शन, साधारण चार ते सहा आठवडे, कधी थोडं जास्त. औषधाचं नाव व्हिन्क्रिस्टिन. ते येतं सदाफुलीतून.

सदाफुली. आमच्या गॅलरीत आईने जुन्या डालड्याच्या डब्यात लावलेली, पाणी विसरलं तरी फुलणारी, देवाला वाहायला कायम हाताशी असलेली. ही मूळची मादागास्करची. १९५८ मध्ये कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी हिच्यातून व्हिन्ब्लास्टिन वेगळं केलं, पाठोपाठ अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिन निघालं, आणि १९६३ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढून दोन बाजूंना नेणारे जे बारीक धागे असतात, ते हे औषध तयारच होऊ देत नाही. पेशी दुभंगायला जाते, अर्ध्यात अडकते आणि मरते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही हेच वापरतात. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर टाटा मेमोरिअल आहे, १९४१ पासून. तिथल्या पोरांच्या नसांतून जे औषध जातं, तेच बंड्याच्या पायाच्या शिरेतून जाणार होतं. (कुणी घरच्या सदाफुलीची पानं कुत्र्याला चारायचा विचार मनात आणू नये. झाड विषारी आहे, औषध होण्याआधी ते कारखान्यातून शुद्ध होऊन, मोजून येतं. आमचा डबा आम्ही उंच खिळ्याला टांगला.)

आणि किंमत? औषधाची बाटली शे-दोनशे रुपयांच्या आत. एवढ्या मोठ्या रोगाचं एवढं स्वस्त औषध! मी पर्समध्ये हात घालून म्हटलं, मग अडलंय कुठे, करा सुरू.

डॉक्टर म्हणाले, "औषध माझ्याकडे आहे. इंजेक्शन मी देतो. पण या आठवड्यापासून त्या आठवड्यापर्यंत ह्याला ठेवणार कोण?"

मी आजवर या विषयावर जे जे ऐकलं होतं ते सगळं या एका प्रश्नाने उलटंपालटं झालं. मला वाटायचं रस्त्यावरचे कुत्रे मरतात ते औषध नसतं म्हणून, पैसे नसतात म्हणून, कुणाला पर्वा नसते म्हणून. पण औषध आहे, डॉक्टर आहेत, पैसे जमतात. नसतो तो चार बाय तीन फुटांचा कोपरा. व्हिन्क्रिस्टिन दिल्यावर काही दिवस रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, अशा वेळी गटारातलं पाणी आणि दुसऱ्या कुत्र्याचा चावा दोन्ही जीवावर बेततात. दुसरं असं की एकदा सुई खाल्लेला रस्त्यावरचा कुत्रा पुढच्या आठवड्यात हाताला लागत नाही, ताईंची चाहूल लागली की बाजाराच्या पार पलीकडे जातो. आणि औषध अर्धवट सुटलं तर गाठ पुन्हा उठू शकते आणि मग औषधाला दाद देईनाशी होऊ शकते. प्राण्यांच्या संस्थांमधले पिंजरे कायम भरलेले, कारण तिथे अपघातातले, पक्षाघाताचे, ऑपरेशनचे रुग्ण आधी. म्हणजे हा बरा होणारा कर्करोग हजारो कुत्र्यांत बरा होत नाही तो केवळ मधल्या आठवड्यांत राहायला जागा नाही म्हणून! तात्पुरतं घर देणं, ज्याला सगळे फॉस्टर म्हणतात, ते दयेचं काम आहे असं मी समजत होते. ते उपचाराचा भाग आहे, सलाईन आणि सुईइतकाच.

मी घरी फोन लावला.

"आई, गॅलरी रिकामी करायचीय."

"कशाला?"

"कुत्रा येतोय. आजारी आहे."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "सोवळ्याओवळ्याचं काय?" आणि मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "दत्ताच्या पायाशी चार आहेत म्हणा. आण."

बंड्याला आणण्याआधी ताईंनी तयारीचा धडा दिला. घरात ज्याचा ज्याचा कुत्र्याला हात लागणार त्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधी घ्यायची, ही त्यांची पहिली अट. लस असली-नसली तरी चावा किंवा ओरखडा झालाच तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक सरकारी रुग्णालय गाठायचं, तिथे पुढची लस फुकट मिळते. दुसरी अट: बंड्याचं ताट, बंड्याचं पाणी, बंड्याचं फडकं, सगळं वेगळं. नव्या कुत्र्याला घरातल्या किंवा इमारतीतल्या दुसऱ्या कुत्र्यांपासून निदान दोन आठवडे दूर ठेवायचं, कारण डिस्टेंपरसारखे आजार आधी अंगात मुरतात आणि नंतर दिसतात. इंजेक्शननंतरचे काही दिवस त्याची शी-शू, उलटी, सगळं रबरी हातमोजे घालून साफ करायचं, कारण औषध त्यातून बाहेर पडत असतं. घरात गरोदर बाई असेल तर तिने हे काम अजिबात करायचं नाही. आणि काहीही झालं तरी आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, माणसाला साधी वाटणारी ही औषधं कुत्र्याचं यकृत, पोट आणि मूत्रपिंड खराब करतात. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट हेही वर्ज्य. मी सगळं वहीत लिहून घेतलं, शाळेत लिहीत होते तसं.

आणि मग बंड्या आला. सगळ्यांनी सांगितलं होतं की रस्त्यावरचा कुत्रा घर घाण करील, रात्रभर भुंकेल, सामान फाडेल. त्याने यातलं काहीही केलं नाही. गॅलरीच्या दाराला पाठ लावून, तोंड रस्त्याकडे करून तो बसला. खाल्लं नाही. फॉस्टर करणाऱ्यांत एक हिशेब बोलला जातो: तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे ओळखीचे, तीन महिने घर वाटण्याचे. मला कुणीतरी सांगितलं, समोर बसू नका, डोळ्यांत बघू नका, हात पुढे करू नका, त्याच्याकडे पाठ करून बसा आणि आपलं काम करा. मी पाठ करून मटार सोलत बसायची. कितीतरी वेळाने मानेवर गरम श्वास जाणवायचा आणि मग पुन्हा लांब जाणाऱ्या नखांचा आवाज. शू-शीचं तर नवलच: तो धरून ठेवायचा! सकाळी खाली नेईपर्यंत थांबायचा. देशी कुत्रा आपण झोपतो ती जागा घाण करत नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. ज्यांनी ज्यांनी मला उलट सांगितलं होतं त्यांना मी आवर्जून बोलावून हे दाखवलं.

दवाखान्याची वारी म्हणजे सोहळाच. काळी-पिवळी टॅक्सीवाले कुत्रा म्हटलं की काच वर करतात. पण आमच्या नाक्यावर एक काका भेटले, ते मागच्या सीटवर स्वतः जुनी चादर अंथरायचे आणि "बसा साहेब" म्हणून बंड्याला आत घ्यायचे. आधी सीबीसी, म्हणजे रक्ताची मोजणी. पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तरच डोस. नसतील तर घरी परत, थांबायचं. डोस कुत्र्याच्या वजनावर थेट ठरत नाही, वजनावरून शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढतात आणि त्यावरून औषध. डॉक्टर भिंतीवरचा तक्ता बघून बोटाने आकडा शोधायचे. सुई शिरेत अगदी अचूक जायला हवी, एक थेंबही बाहेर सांडला तर तिथलं मांस सडतं. म्हणून आधी सलाईन सोडून शीर खात्रीने पाहायची, मग औषध, मग पुन्हा सलाईन. त्या सगळ्या वेळात बंड्याचं डोकं माझ्या काखेत. तो हलत नसे. त्याला कळत होतं असं मी म्हणणार नाही, पण तो हलत नसे एवढं खरं.

पैशांचं सांगते, कारण सगळे तेच आधी विचारतात आणि सगळ्यांना तिथेच अवघड वाटतं. औषध स्वस्त होतं, पण त्याच्याभोवतीचं सगळं नव्हतं: दर वेळची रक्ततपासणी, डॉक्टरांची फी, यकृताची औषधं, गोचीड-तापाची तपासणी, टॅक्सी, कोंबडीचे पाय नि भात, शेवटी नसबंदी आणि लसी. एकटीने पेलायचं म्हटलं तर महिन्याचं गणित कोलमडलं असतं. ताईंनी मला त्यांची पद्धत दाखवली आणि मी अक्षरशः भारावून गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप. पैसे ताईंच्या खात्यात येत नाहीत, देणारा थेट दवाखान्याच्या क्यूआरवर टाकतो आणि ग्रुपवर सांगतो. दवाखाना बिल देतो, बिलाचा फोटो त्याच संध्याकाळी ग्रुपवर. सीबीसीचा कागदसुद्धा. पैसे उरले तर कुठल्या कुत्र्याला जाणार हे आधीच ठरलेलं आणि लिहिलेलं. मासळीबाजारातल्या एक मावशी दर आठवड्याला वीस रुपये देतात, रोख, कारण त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, आणि त्या वीस रुपयांचीही नोंद वहीत असते. मावशींना ती वाचून दाखवली जाते! एवढा चोख हिशेब मी मोठमोठ्या मंडळांत पाहिलेला नाही.

त्या ग्रुपवर बसून मला एक गोष्ट दिसली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. रक्ताने माखलेल्या नाकाचा फोटो टाकला की पैसे धो धो येतात. नाक बरं होऊ लागलं, फोटो बघवण्यासारखा झाला की येणं मंदावतं. आणि नेमके शेवटचे डोस, ज्यांच्यावाचून गाठ परत येते, ते कोरडे पडतात. मिलाप, केटो यांसारख्या ठिकाणी एखाद्या मोठ्या ऑपरेशनसाठी लाखांची रक्कम उभी राहू शकते आणि ती राहायलाच हवी. पण शेवटच्या सीबीसीसाठी पाचशे रुपये मागताना ताईंचीही जीभ अडखळते. म्हणून आमच्या इमारतीतल्या काहीजणींनी ठरवलं: दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक रक्कम, थोडी, पण न चुकता, कुठल्याही फोटोशिवाय. माझ्या मते कुणाला यात पहिलं पाऊल टाकायचं असेल तर ते हेच. नोंदणीकृत संस्थेला द्यायचं असेल तर मुंबईत १९८५ पासून वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज आहे, पुण्यात २००७ पासून रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहे. आणि संस्था कुठलीही असो, पावती मागून घ्यावी. मागण्यात काही वावगं नाही, उलट देणारा मागत राहिला की घेणाऱ्याची वही स्वच्छ राहते.

आता ते सांगते, ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला बसले.

डोस निम्म्यावर आले असतील. रक्त थांबलं होतं, डोळ्याखालची सूज उतरली होती, पण बंड्या जेवताना अजून चाचपडायचा. ताट समोर असलं तरी तोंड इकडे-तिकडे फिरवायचा, भात जिभेला लागला की मगच खायचा. मला वाटे नजर गेली की काय. डॉक्टर म्हणाले, नजर ठीक आहे, नाक बंद आहे, त्याला वासच येत नाही. ज्याचं सगळं जग नाकाने बनलेलं, ज्याचं नाक माणसाच्या कैक पट तीक्ष्ण, तो प्राणी किती महिने बंद दाराआड होता कोण जाणे! मग एका दुपारी आई स्वयंपाकघरात बोंबील तळत होती. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. बंड्या झोपला होता. त्याची डावी नाकपुडी हलली. मग उजवी. मग त्याने डोकं उचललं, नाक हवेत वर केलं आणि ते थरथर हलवत, एकदा इकडे, एकदा तिकडे, हवा ओढत राहिला, ओढत राहिला, आणि उठून सरळ, एकदाही न चाचपडता, गॅलरीचा उंबरा ओलांडून, हॉल ओलांडून, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसला. तो आपणहून घरात आत आलेला पहिल्यांदाच. आईने मागे वळून पाहिलं. ज्या आईने कधी कुणाला पंगत बसायच्या आधी एक बोंबील दिला नाही, तिने कढईतला पहिला तुकडा फुंकर घालून गार केला, काटा काढला आणि त्याच्यापुढे धरला. "घे रे बाबा," ती म्हणाली, "आलं का नाक तुझं?" मी कपड्याचे चिमटे हातात घेऊन तिथेच उभी होते आणि रडत होते.

त्यानंतरच्या फेरफटक्यांना वेळेचं भान राहिलं नाही. प्रत्येक खांब, प्रत्येक टायर, प्रत्येक पायरी तो वाचून काढायचा. मी घाई करणं सोडून दिलं.

या सगळ्यात मी माझ्याच परळ-लालबागकडे नव्याने पाहायला लागले. लहानपणापासून ज्याला बैलघोडा म्हणून ओळखत आले, बसचा थांबा म्हणून, ते म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं रुग्णालय. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्थेचं ते रुग्णालय आणि त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याहूनही मागे, १८३२ मध्ये, कंपनी सरकारने रस्त्यावरचे कुत्रे मारायचा हुकूम काढला आणि मारणाऱ्याला डोईमागे पैसे देऊ केले, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकानं बंद झाली, फोर्टमध्ये दंगल झाली. कुत्र्यांसाठी मुंबई बंद! मी इतकी वर्षं इथे राहते आणि हे मला ठाऊक नव्हतं. आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटांचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय उभं राहिलं. त्याच वर्षी जूनमध्ये रतन टाटांनी इन्स्टाग्रामवरून मुंबईकरांना एक विनंती केली होती: तिथे भरती असलेल्या सात महिन्यांच्या एका पिल्लाला गोचीड-तापाचा संशय आहे, रक्तक्षय झालाय, रक्तदाता कुत्रा हवा. तेव्हा पहिल्यांदा अनेकांना कळलं की कुत्राही रक्तदान करतो. निरोगी हवा, वय एक ते आठ वर्षं, वजन पंचवीस किलोच्या वर, लसी पूर्ण. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक लॅब्रॅडोर आहे, वजन त्याच्याकडे भरपूर आहे. त्याच्या घरच्या वहिनींना मी हे सांगितलं, त्या दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव दात्यांच्या यादीत घालून आल्या.

टीव्हीटी ही फक्त माझी वाट. दुसऱ्या घरांतून मी काय काय ऐकते! खरजेने केस गेलेली, कातडी दगडासारखी झालेली कुत्री, जिला लोक हाकलायचे, दोन महिन्यांत तांबूस मऊ केसांची होते. आता महिन्या-तीन महिन्यांनी द्यायच्या गोळ्या आल्यात, पूर्वीसारखी सुयांची माळ लागत नाही. पार्व्होच्या पिल्लांचं मात्र अवघड असतं. रक्ताचे जुलाब, उलट्या, विषाणूवर थेट औषध हाताशी नसतं, सलाईनवर तगवायचं आणि त्याच्या अंगाने रोगाशी लढेपर्यंत सोबत करायची. शिवाय विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो, म्हणून पार्व्होचं पिल्लू ज्या घरात राहून गेलं तिथे लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू ठेवत नाहीत, फरशी ब्लीचने धुतली तरी जपून असतात. अशी दोन-तीन घरं ताईंनी फक्त पार्व्होसाठी राखून ठेवलीत. सगळ्यांना सगळं जमायला नको. कुणाकडे बाथरूम आहे, कुणाकडे गच्चीची खोली, कुणाकडे फक्त रविवार.

बंड्याची शेवटची काचपट्टी स्वच्छ आली. मग नसबंदी झाली, रेबीजची लस टोचली, कानाला छोटा कट आला, म्हणजे याचं झालंय हे लांबूनही ओळखू यावं. आणि मग सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, आईने तर रोज विचारला: ठेवूनच का घेत नाही?

मी यावर खूप विचार केला. बंड्या गल्लीत जन्मलेला, गल्लीत वाढलेला, बाजाराच्या मागच्या बाजूला त्याची हद्द, त्याचे दोन सोबती, त्याला खायला घालणाऱ्या मावशी. २०२३ चे प्राणी जनन नियंत्रण नियमही हेच सांगतात की नसबंदी आणि लस झालेला कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा. यामागे कारण आहे. तो निघून गेला की त्याची जागा नसबंदी न झालेला, लस न टोचलेला दुसरा घेतो. आणि माझं स्वतःचं कारण वेगळं होतं. गॅलरी एकच आहे. ती कायमची भरली तर डॉक्टरांच्या त्या प्रश्नाला, "ठेवणार कोण?", माझ्याकडे पुन्हा उत्तर उरणार नाही. जो कुत्रा रस्त्यावर जगू शकत नाही त्याला कायमचं घर शोधावं, जरूर शोधावं. बंड्या जगू शकत होता.

सोडायला आम्ही तिघी गेलो, ताई, आई आणि मी. टॅक्सीचं दार उघडताच तो उडी मारून उतरला, बर्फाच्या पेट्यांमागे दिसेनासा झाला आणि त्याच्या सोबत्यांना घेऊनच परत आला. मावशींनी पाटीवरून हाक मारली, "आला ग माझा शेट!" आता मी बाजारात गेले की तो पिशवी हुंगतो, आधी पिशवी, मग मला. ताई दर महिन्याला त्याचं नाक तपासतात.

शनिवारी नवी पाहुणी येतेय. खरजेची आहे, गोचीड-तापही निघालाय, म्हणजे डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या साधारण चार आठवडे, रोज, जेवणासोबतच. खरूज माणसालाही खाजवते म्हणून हातमोज्यांचा नवा खोका आणून ठेवलाय. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दुपारचं जेवण घालायचं कबूल केलंय, टॅक्सीवाल्या काकांना सांगून झालंय, पहिल्या सीबीसीचे पैसे जमलेत, दुसऱ्याचे अर्धे जमलेत. आईने तिच्यासाठी जुन्या नऊवारीची गोधडी शिवायला घेतलीय आणि ती शनिवारच्या आत होईल की नाही याचीच घरात सध्या घाई चालू आहे.